आयकॉन नसलेला फाइल मॅनेजर

अँड्रॉइड फोनमध्ये एक फाइल मॅनेजर आधीपासूनच असतो. आपण तो वरचेवर बघतोही, फक्त त्याला नावानिशी ओळखत नाही. ईमेलला फाइल जोडायला गेलं की एक खिडकी उघडते आणि वरच्या तीन रेघा दाबल्या की 'अलीकडील', 'डाउनलोड', खाली फोनचं मॉडेल अशी यादी सरकत येते. तोच तो. २०१३ साली अँड्रॉइड ४.४ बरोबर ही फाइल निवडायची खिडकी आली, आणि २०१५ च्या मार्शमेलोमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ६ मध्ये, सेटिंग्जच्या स्टोरेजमधून थेट फाइली बघायची सोय झाली. पण कित्येक फोनांवर त्याला आयकॉन नसतो. फोन बनवणारी कंपनी स्वतःचं फाइल ॲप पुढे करते आणि हा बिचारा मागे पडून राहतो.

मला तो हवा होता एका अडचणीपायी. मुलाखती रेकॉर्ड करायला मी एक ॲप वापरत होते. आवाज उत्तम, पण ॲपचे अपडेट येणं बंद झालं होतं आणि रेकॉर्डिंग बाहेर काढायचं तर एका वेळी एकच फाइल शेअर करता यायची. एवढ्या फाइली एकेक करून पाठवायच्या म्हणजे आठवडा गेला असता. फाइली कुठे आहेत हे ॲपच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेलं होतं: अंतर्गत स्टोरेज, त्यात 'अँड्रॉइड', त्यात 'डेटा', त्यात ॲपचा फोल्डर. या जागेची एक गोम आहे. ॲप अनइन्स्टॉल केलं की त्याचा तिथला फोल्डरही पुसला जातो. त्यामुळे आधी फाइली काढायच्या, मग ॲप, हा क्रम चुकवून चालणार नव्हतं.

फोनसोबत आलेल्या फाइल ॲपने 'डेटा' फोल्डर दाखवला, पण आत काहीच नाही. प्ले स्टोअरवरून एक नावाजलेला फाइल मॅनेजर घेतला. त्याने 'सर्व फाइलींचा ॲक्सेस' मागितला, मी दिला, आणि तरीही त्याने सांगितलं की अँड्रॉइडच्या निर्बंधांमुळे हा फोल्डर उघडता येत नाही. खरंच होतं ते. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या या फोल्डरात शिरता येत नाही, ती मोठी परवानगी दिली तरी नाही. नियम चांगला आहे. पूर्वी कुठलंही टॉर्चचं ॲप स्टोरेजची परवानगी घेऊन सगळ्यांच्या फोल्डरांत डोकावू शकायचं. आज तोच नियम माझ्या वाटेत होता, एवढंच.

माझ्या फोनवर अँड्रॉइड १२ होतं. फोनचा अंगभूत फाइल मॅनेजर हा सिस्टीमचाच भाग, तेव्हा त्याला आत जाता यायला हवं, असा माझा अंदाज. पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? सेटिंग्जमधलं स्टोरेज उघडलं तर कंपनीचं साफसफाईचं ॲप समोर आलं. ॲप्सच्या यादीत 'सिस्टीम ॲप्स दाखवा' केल्यावर 'फाइल्स' नावाची एक नोंद सापडली. काही फोनांवर तिथेच 'उघडा' बटण असतं. माझ्याकडे नव्हतं. आणि ईमेलवाल्या खिडकीतून फाइल निवडता येते, तिच्यातून ढिगाने कॉपी करता येत नाही.

मग शॉर्टकट ॲपचा मार्ग, म्हणजे आयकॉन नसलेला पडदा थेट उघडून देणारं छोटं ॲप. यात दोन प्रकार मिळतात. एक तयार, म्हणजे दाबलं की अंगभूत फाइल मॅनेजर उघडतो, दुसरं काही येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे ॲक्टिव्हिटी लाँचर: फोनमधल्या प्रत्येक ॲपचे सगळे पडदे यादीत दाखवतो, त्यातला हवा तो आपण निवडायचा. तिथे शोधायचं नाव 'डॉक्युमेंट्सयूआय', हे अंगभूत फाइल मॅनेजरचं आतलं नाव. हा प्रकार हौशी लोकांसाठी. यादी इतकी लांब असते की मी तिच्यातून सरळ बाहेर पडले आणि पहिल्या प्रकारातलं ॲप घेतलं.

घेण्याआधी मात्र प्ले स्टोअरच्या पानावर 'या ॲपबद्दल'मध्ये जाऊन परवानग्यांची यादी पाहिली. अशा ॲपला स्टोरेजची परवानगी लागतच नाही, कारण ते फाइलींना हात लावत नाही. पत्ता सांगून बाजूला होणाऱ्या माणसासारखं त्याचं काम: 'अमुक पडदा उघड' असा निरोप सिस्टीमला द्यायचा, ज्याला अँड्रॉइडमध्ये इंटेंट म्हणतात, आणि संपलं. म्हणून शॉर्टकट म्हणवणारं ॲप जर फाइली, संपर्क किंवा लोकेशन मागत असेल तर ते घेऊ नये. इंटरनेटची परवानगी फोन आपल्याला विचारत नाही, ती त्या प्ले स्टोअरच्या यादीतच दिसते, म्हणून तिथे बघणं बरं. मी घेतलेल्या ॲपने काहीच मागितलं नाही.

दाबलं आणि उघडला. साधा, पांढरा, कुठे जाहिरात नाही. तीन रेघांतून फोनच्या मॉडेलचं नाव निवडलं, 'अँड्रॉइड', 'डेटा', आणि समोर फोल्डरांची रांग. इथे पुढचा घोळ: फोल्डरांना ॲपचं नाव नसतं, पॅकेजचं नाव, म्हणजे सिस्टीमसाठीचं ॲपचं आतलं नाव असतं, बहुधा 'कॉम डॉट'ने सुरू होणारं. पॅकेजचं नाव आणि ॲपचं नाव यांचा संबंध असेलच असं नाही. यावर सोपा इलाज आहे. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावरून लिंक शेअर करायची. लिंकमध्ये 'आयडी' आणि बरोबरच्या चिन्हापुढे जे येतं तेच फोल्डरचं नाव. तसं केलं आणि फोल्डर मिळाला. त्यातल्या 'फाइल्स' फोल्डरात सगळ्या मुलाखती तारखांसकट.

एक फाइल दाबून धरली, तीन टिंबांतून 'सर्व निवडा', मग 'येथे कॉपी करा'. संगणकासारखं कॉपी-पेस्ट इथे नाही. आधी काय ते निवडायचं, मग कुठे ते दाखवायचं, आणि खालचं 'कॉपी करा' बटण दाबायचं. 'हलवा' हाही पर्याय होता, पण तो मी मुद्दाम टाळला. बॅटरी संपली, मधेच काही अडलं, तर मूळ प्रत जागेवर असावी. काम किती झालं हे पडद्यावर दिसत नाही, वरून नोटिफिकेशन ओढून बघावं लागतं. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटेल काहीच घडत नाहीये.

फाइली मी 'म्युझिक'मध्ये नव्या फोल्डरात टाकल्या. लगेच म्युझिक प्लेअरमध्ये दिसायला लागल्या, ज्या इतके दिवस दिसत नव्हत्या. कारण 'डेटा' फोल्डरातली गाणी-चित्रं फोन आपल्या मीडियाच्या यादीत धरतच नाही. मूळ आणि नव्या फोल्डरातल्या फाइलींची संख्या आणि आकार जुळवले, सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही वाजवून पाहिल्या आणि मगच जुनं ॲप काढून टाकलं.

याने सगळीच कुलपं उघडत नाहीत. ॲपचा खासगी डेटा, म्हणजे लॉगिन, चॅटचा डेटाबेस वगैरे, वेगळ्याच जागी असतो आणि तो या मॅनेजरलाही दिसत नाही. उलट व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ काढायला एवढी यातायात लागत नाही. नव्या आवृत्त्यांत ते 'अँड्रॉइड'मधल्या 'मीडिया' फोल्डरात असतात आणि परवानगी दिलेला साधा फाइल मॅनेजरही तिथे जाऊ शकतो.

पुढे नवा फोन घेतला, त्यावर अँड्रॉइड १४. तेच शॉर्टकट ॲप टाकलं, मॅनेजर तसाच उघडला, पण 'डेटा'मध्ये गेल्यावर काही हाती लागेना. अंगभूत फाइल मॅनेजर आता प्ले स्टोअरच्या सिस्टीम अपडेटमधूनही बदलत राहतो, त्यामुळे एका फोनवर चालणारी वाट दुसऱ्यावर चालेलच असं धरून बसू नये. तिथे मी केबल काढली. फोन संगणकाला जोडला, नोटिफिकेशनमधून यूएसबीचा पर्याय 'फाइल ट्रान्सफर' केला आणि 'अँड्रॉइड', 'डेटा' संगणकावर उघडले. चार्जिंगपुरतीच असलेली केबल चालत नाही, डेटा जाणारी लागते. फोन अनलॉक ठेवावा लागतो, नाहीतर संगणकावर रिकामी खिडकी दिसते.

शॉर्टकट मी नव्या फोनवरही ठेवला आहे. 'डेटा' सोडून बाकी कामांना, झिप उघडायला, मेमरी कार्डवर फोल्डर हलवायला, कंपनीच्या ॲपपेक्षा मला तोच बरा वाटतो. ते ॲप दर वेळी आधी फोन साफ करायला सांगतं.