लुसिया काळ्या केसांची असली तर?

आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. इथे 13 डिसेंबरला लुसिया या ख्रिस्ती संत मुलीचा सण असतो. यंदा शाळेच्या लुसिया मिरवणुकीत डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालायचा मान आमच्या लेकीला मिळाला. निवडणूक वगैरे काही नाही, बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि हिची निघाली. एवढ्यावर मी लिहायला बसले नसते. पण त्याच दिवशी शाळेच्या आवारात एका मुलाच्या आईने मला अगदी गोड आवाजात विचारलं, "तिला सोनेरी विग घालणार का? लुसिया जरा तशीच शोभते." मी "नाही" एवढंच म्हणाले आणि लेकीला घेऊन घरी आले. पुढचं सगळं उत्तर मनात राहिलं, ते इथे लिहितेय.

लुसिया मुळात स्वीडनची नाहीच. ती इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सिरक्यूजची. आमच्या गोथेनबर्गपासून सिरक्यूज दोन हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि सिसिलीच्या पश्चिम टोकावरून ट्युनिशियाचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटरवर. सिरक्यूज हे ग्रीकांनी वसवलेलं शहर. रोमनांचं राज्य आल्यावरही तिथली बोली बरीचशी ग्रीकच राहिली. कथेनुसार तिच्या आईचं नाव युटिकिया, म्हणजे ग्रीक, आणि मुलीचं मात्र लॅटिन. लुसियस या पुरुषी नावाचं ते स्त्रीरूप. रोमन पुरुषांना नावं मोजकीच असत, त्यातलं लुसियस इतकं सर्रास होतं की शिलालेखांवर नुसतं 'एल' कोरून भागवत. लॅटिनमध्ये लक्स म्हणजे उजेड, आणि वारो नावाच्या रोमन पंडिताने लिहून ठेवलंय की उजाडताना जन्मलेल्या मुलाला हे नाव देत. रोमन मुलींना मात्र बहुधा बापाच्या घराण्याचंच नाव मिळे: ज्युलियस घराण्यातली ती ज्युलिया, कॉर्नेलियस घराण्यातली ती कॉर्नेलिया. लुसिया हे नाव युरोपभर घरोघरी गेलं ते या सिरक्यूजच्या मुलीमुळे.

तिची कथा थोडक्यात सांगते. आईचं दुखणं बरं व्हावं म्हणून दोघी कातानियाला संत अगाथाच्या समाधीला गेल्या. आई बरी झाली. लुसियाने लग्न न करता देवाला वाहून घ्यायचं ठरवलं आणि हुंड्यासाठी ठेवलेलं धन गरिबांत वाटून टाकलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने चिडून ती ख्रिस्ती असल्याची चुगली अधिकाऱ्याकडे केली. सम्राट डायोक्लेशनच्या काळात ख्रिस्ती माणसांचा छळ चालू होता, त्यात इ.स. 304 मध्ये तिला मारलं. तिला ओढून न्यायला बैल जुंपले तरी ती जागची हलली नाही, हा भाग श्रद्धेचा. छळात तिचे डोळे काढले, ही गोष्ट तर फार नंतरची, पण त्यामुळेच ती दृष्टीची रक्षणकर्ती झाली आणि चित्रांत तिच्या हातातल्या तबकात दोन डोळे दिसतात.

मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो एक साधा दगड. 1894 मध्ये पाओलो ओर्सी या पुरातत्त्वज्ञाला सिरक्यूजच्या भुयारी दफनभूमीत एक ग्रीक शिलालेख सापडला. युस्किया नावाच्या बाईच्या नवऱ्याने तो लावलेला. माझी बायको आमच्या लुसियाबाईंच्या सणाच्या दिवशी गेली, असं त्यावर कोरलंय. लुसिया गेल्यावर शंभरेक वर्षांच्या आतबाहेरचा हा दगड. म्हणजे तेव्हाच तिथल्या सामान्य घरांत तिचा दिवस पाळत होते.

आता सोनेरी केसांकडे येते. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत मध्ययुगात 13 डिसेंबरची रात्र वर्षातली सगळ्यात मोठी पडायची. स्वीडनने 1753 मध्ये दिनदर्शिका बदलली, तरी लोकांच्या मनातली मोठी रात्र लुसियाचीच राहिली. सोळाव्या शतकात हा देश लुथरपंथी झाला, संतांची पूजा बंद झाली, आणि तरी हिचं नाव पंचांगात टिकलं. मला याचं मनापासून कौतुक वाटतं. पांढरा झगा घालून मेणबत्त्या घेऊन येणाऱ्या लुसियाची जुनी नोंद 1764 सालची, व्हेस्टरयोटलंड प्रांतातल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. 1893 पासून स्टॉकहोमच्या स्कान्सेन संग्रहालयात हा सोहळा होऊ लागला. आणि 1927 मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने शहराची लुसिया निवडायची स्पर्धा काढली. गावोगावच्या पेपरांनी तोच कित्ता गिरवला. मुलींचे फोटो छापायचे, वाचकांनी मतं द्यायची. मतं कोणाला पडत असतील ते सांगायला नकोच. लांब सोनेरी केसांची लुसिया म्हणून ज्याला परंपरा म्हणतात, ती अशी पेपरांच्या फोटोंतून पक्की झाली. 2016 मध्ये इथल्या एका मोठ्या दुकानाने नाताळच्या जाहिरातीत सावळ्या मुलाला लुसियाच्या वेषात दाखवलं, तर इंटरनेटवर इतकं विष ओकलं गेलं की जाहिरात मागे घ्यावी लागली. लहान मूल होतं ते! लुसियाच्या गाण्याची चाल नेपल्सच्या नावाड्याच्या गाण्याची, ती स्वतः सिसिलीची, या सणाला करतात त्या बनमध्ये घालायचं केशर उन्हाच्या देशातलं. एवढं सगळं दक्षिणेकडून घ्यायचं आणि केस तेवढे उत्तरेचेच हवेत, हे मला पटत नाही.

हे लिहिताना मला कळतंय की तुमच्यातले काही जण म्हणतील, आपल्याकडे काय वेगळं आहे? गॅदरिंगला राधा नाहीतर सीता व्हायला वर्गातली गोरी मुलगीच उभी राहते, ते मीही पाहिलंय. खरं आहे, आणि ते वाईटच आहे. पण तिथे गोऱ्या मुलीला पुढे करताना निदान कुणी दुसरीला तू आमच्यातली नाहीस असं सुचवत नाही. हा फरक मला मोठा वाटतो. इथे आमच्या मंडळाच्या गणपतीला शेजारचे स्वीडिश लोक येतात, आरतीला टाळ्या वाजवतात, मोदक आवडीने खातात. केस काळे करून या असं आम्ही त्यांना कधी म्हटलेलं नाही.

आणि सगळं इथल्यांवरच ढकलणंही बरोबर होणार नाही. चिठ्ठ्या टाकणाऱ्या बाई इथल्याच. सुंदर कोण हे ठरवायचंच नाही, म्हणून अनेक शाळा आता चिठ्ठ्या टाकतात. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना लेकीची बातमी कळली, तशा त्या स्वतःचा जपून ठेवलेला पांढरा सुती झगा इस्त्री करून घेऊन आल्या. सोबत कमरेची लाल फीत. ती फीत म्हणजे लुसियाच्या हौतात्म्याचं रक्त, हे त्यांनी लेकीला तिच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगितलं. त्यांच्या लहानपणी मुकुटावर खऱ्या मेणबत्त्या असत, मेण केसांत गळू नये म्हणून खाली ओला रुमाल ठेवत. आता शाळेत खरी ज्योत चालत नाही. मुकुट बॅटरीचा, हिरव्या पानांचा वेढा असलेला, आणि बटण मागच्या बाजूला. आजींनी लेकीच्या दोन घट्ट वेण्या सोडल्या, केस विंचरून मोकळे केले आणि मुकुट मागून पुढून नीट बसवला. विगबद्दल त्यांना मी सांगितलंच नाही.

केशरी बनही त्यांनीच शिकवले. इथे केशराच्या अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या मिळतात. ते थोड्या साखरेबरोबर खलात कुटायचं, कोमट दूध-लोण्यात घालायचं, मग यीस्ट आणि मैदा. पीठ फुगलं की बोटाएवढ्या जाड वळ्या करून इंग्रजी एससारख्या वळवायच्या आणि दोन्ही टोकांच्या गुंडाळीत एकेक बेदाणा दाबायचा. तिकडे सिसिलीत मात्र या दिवशी गव्हाचे अख्खे दाणे शिजवून रिकोटा चीजबरोबर खातात, कुच्चिया म्हणतात त्याला. आपल्या गव्हाच्या खिरीची सख्खी बहीण. 1646 च्या दुष्काळात लुसियाला साकडं घातल्यावर धान्याचं जहाज बंदराला लागलं, आणि उपाशी लोकांनी दळण्याचीही वाट न बघता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आठवण सांगतात. पालेर्मोचे लोक त्या दिवशी ब्रेड-पास्ता अजूनही वर्ज्य करतात.

साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "अगं, पण हे त्यांच्या धर्मातलं ना? आपल्या पोरीला कशाला?" तिला सांगितलं तेच इथेही सांगते. डिसेंबरात इथे साडेतीनलाच अंधारून येतं. त्या अंधारात सगळी शाळा ज्या सणाची वाट बघते, त्यात माझ्या मुलीने भिंतीला टेकून उभं राहायचं का? ती घरी शुभंकरोती म्हणते, दिवाळीत पणत्या लावते, आणि लुसियाची गाणीही म्हणते. आम्ही काही सोडलेलं नाही. आणि हे नाव आपल्यालाही परकं नाही. गोव्यात लुझिया आहेत, वसईत लुसी आहेत. पुण्याजवळ वढू बुद्रुकला 1997 मध्ये निराधार बायकांसाठी 'माहेर' सुरू करणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन यांचं नावही हेच.

केसांचा आणि रंगाचा मुद्दा ज्यांना अजून सुटत नाही त्यांनी नकाशात कॅरिबियन समुद्र बघावा. तिथला सेंट लुसिया हा देशच हिच्या नावाचा आणि 13 डिसेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. 2016 च्या टी-20 विश्वचषकात वानखेडेवर उपांत्य सामन्यात आपल्याला हरवणाऱ्या वेस्ट इंडीजचा कर्णधार डॅरेन सॅमी तिथला, आणि त्या दिवशी अर्धशतक ठोकणारा जॉन्सन चार्ल्सही तिथलाच. लुसिया सगळ्यात जास्त कोणाची म्हणायची, तर मी त्यांची म्हणेन. आख्खा देश तिच्या नावाने ओळखला जातो.

व्हेनिसला रेल्वेने गेलात तर तुम्हीही तिच्याच नावाच्या स्टेशनवर उतराल, सांता लुचिया. स्टेशनसाठी तिचं चर्च 1861 मध्ये पाडलं. तिचे अवशेष जवळच्याच सान जेरेमिया चर्चमध्ये आहेत, मुद्दाम वाकडी वाट करून बघा. आम्हाला आता सिरक्यूजला जायचंय. डिसेंबरातली चांदीच्या मूर्तीची मिरवणूक शाळेमुळे जमणार नाही, पण 1646 च्या त्या जहाजाची आठवण म्हणून मेच्या पहिल्या रविवारी तिथे लुसियाचा दुसरा उत्सव असतो. तेव्हाची तिकिटं बघतेय. खालच्या आजीही येते म्हणाल्यात.