आमची वाटचाल: ट्रकच्या ब्लोअरपाशी स्थिरावलेला व्यवसाय

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आमचे वायरिंगचे दुकान सुरू झाले, तेव्हा एसी केबिनचा ट्रक क्वचितच दृष्टीस पडे. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), दिव्यांची वायरिंग आणि पावसाळ्याच्या तोंडावर वायपरच्या मोटरी एवढ्यावर आमचा चरितार्थ चालत असे. एका बाजूला न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर आणि दुसऱ्या बाजूला द्रुतगती महामार्गाने घाटाकडे निघालेल्या मालगाड्या, अशी वर्दळ असल्यामुळे कामाची वानवा कधी नव्हती. पुढे एसी केबिनच्या गाड्या वाढू लागल्या. चालक बहुतेक उत्तरेकडचे, त्यामुळे तक्रारही ठरलेल्या हिंदी शब्दांत येई: ‘उस्ताद, एसी काम नहीं कर रहा.’

या एका वाक्यात दोन निरनिराळे दोष दडलेले असू शकतात. हवा भरपूर येते पण गार नसते, तेव्हा कॉम्प्रेसर, कंडेन्सर किंवा गॅस यांकडे पाहावे लागते. हवा गार असते पण अंगापर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा दोष ब्लोअरकडे, म्हणजे केबिनमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे, त्याच्या वायरिंगकडे किंवा हवेच्या वाटेकडे असतो. बाजारात मात्र दोन्हींवर एकच उपाय रूढ होता, तो म्हणजे गॅस भरणे. ब्लोअर हवा देत नसलेल्या गाडीत जास्तीचा गॅस भरल्याने काहीच साधत नाही, उलट कॉम्प्रेसरवरचा दाब मात्र वाढतो. आम्ही मूळचे वायरमन असल्यामुळे गॅसचे काम सुरुवातीला शेजारच्या एसी मिस्त्रींकडेच राहू दिले आणि ब्लोअरची बाजू पूर्णपणे आपल्याकडे घेतली. आमच्या व्यवसायाला आज जे काही स्वतंत्र स्थान आहे, ते या निर्णयामुळे आहे, असे मला वाटते.

ब्लोअर बंद पडला की मोटर बदलण्याची घाई केली जाते. आमच्याकडे मोटर शेवटी उघडली जाते. ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे २८ व्होल्ट देतो. मोटरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढून त्यात मल्टिमीटरच्या तारा घातल्या, तर आतील पिन गंजलेली असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. म्हणून कपलर जोडलेला आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनच आम्ही मापे घेतो, तीही पुरवठ्याच्या बाजूची वेगळी आणि अर्थच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून प्रवाह परतण्याच्या, बाजूची वेगळी. मोटर ८ अँपिअर घेत असेल आणि एखाद्या जोडात केवळ पाव ओहमचा रोध निर्माण झाला असेल, तर त्या जोडावर २ व्होल्ट खर्ची पडतात आणि तिथे १६ वॅट उष्णता तयार होते. कपलर वितळण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली, की तो जोड उघडायचा, असा आमचा दंडक आहे. खाडीलगतच्या खारट, दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थचा बोल्ट आणि रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) पाया ही दोन ठिकाणे आम्ही सर्वप्रथम पाहतो.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो, ही दुसरी नित्याची तक्रार. जुन्या पद्धतीच्या व्यवस्थेत कमी वेगांसाठीचा प्रवाह रेझिस्टन्समधून, म्हणजे प्रवाह कमी करणाऱ्या रोधकातून, जातो आणि पूर्ण वेगावर तो रेझिस्टन्स वगळला जातो, त्यामुळे रेझिस्टन्स उडाला की केवळ पूर्ण वेग शिल्लक राहतो. एवढे बहुतेक मिस्त्रींना ठाऊक असते. तो का उडाला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. बंदराच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभा राहणारा एक ट्रेलर आमच्याकडे आला, तेव्हा त्याचा रेझिस्टन्स इतरत्र पुन्हापुन्हा बदलून झाला होता आणि मालक साहजिकच वैतागलेले होते. तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावल्यावर मोटर तिच्या ठरलेल्या प्रवाहाच्या जवळपास दीडपट प्रवाह घेत असल्याचे दिसले. मोटर उतरवली, तर शाफ्टला आधार देणारे बुश कोरडे पडून शाफ्ट जड फिरत होता, पिंजऱ्याच्या आकाराच्या पंख्यात उंदराने ओढून आणलेल्या चिंध्या अडकल्या होत्या आणि फिल्टर धुळीने लिंपून गेला होता. रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवते. इथे त्याच्यातून प्रवाह जास्त जात होता आणि त्याला गार करणारी हवा कमी मिळत होती, अशा स्थितीत त्यातील उष्णतेचा फ्यूज टिकणार कसा? मोटर, रेझिस्टन्स, फिल्टर आणि करपलेल्या पिना असे सर्व एकत्र बदलल्यावर ती गाडी त्या तक्रारीसाठी पुन्हा आली नाही.

याहून फसवा दोष उलट फिरणाऱ्या पंख्याचा. मोटर बदलताना कपलर कापून तारा हाताने पिळून जोडल्या आणि त्यांची अदलाबदल झाली, तर मोटर उलट फिरते. अशा पंख्याची गंमत अशी की उलट फिरूनही तो हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त फारच कमी ढकलतो. आवाज येतो, नवी मोटर असते, व्होल्टेजही पूर्ण मिळते, त्यामुळे संशय थेट गॅसवर जातो. पात्यांचा बाक आणि फिरण्याची दिशा एकदा डोळ्यांनी पडताळली, की प्रश्न सुटतो.

कारचा १२ व्होल्टचा स्वस्त ब्लोअर ट्रकच्या दोनपैकी एका बॅटरीवर थेट जोडून द्या, अशी मागणीही येते. ती आम्ही मान्य करत नाही. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे चार्जिंग दोघींना मिळून होते आणि भार मात्र एकीवर पडतो. परिणामी एक बॅटरी कायम अर्धी राहते, तर दुसरी अतिचार्ज होऊन तिचे पाणी आटते. ग्राहकाचा आग्रहच असला, तर २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पुरेशा क्षमतेचा कन्व्हर्टर लावून देतो. त्यापेक्षा २४ व्होल्टची मोटर घ्यावी, हे सांगण्यातही कसूर करत नाही.

तपासणीचे शुल्क वेगळे घेण्याची पद्धत रुजवणे हे या सगळ्यापेक्षा कठीण गेले. ‘नुसते मीटर लावण्याचे पैसे कसले, शेठ?’ हा प्रश्न आम्ही पुष्कळ ऐकला. त्यावर वाद घालण्याऐवजी आम्ही दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे व्होल्ट व अँपिअर एका कागदावर लिहून, काढलेल्या सुट्या भागासह मालकांच्या हाती देऊ लागलो. बऱ्याच गाड्या बाळगणाऱ्या वाहतूकदारांना हा कागद उपयोगी वाटला, कारण कोणत्या गाडीवर कशासाठी खर्च झाला, हे त्यांना कार्यालयात बसून कळू लागले. आमचे नियमित काम आज मुख्यतः त्यांच्याकडूनच येते. गॅस काढून घेण्याचे व भरण्याचे यंत्र आम्ही बऱ्याच उशिरा घेतले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन केंद्र सरकारने बंधनकारक केली आहे. या नव्या गाड्या वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या सेवाकेंद्रातच जातील, त्यामुळे आमच्यापर्यंत हे काम हळूहळू पोहोचेल. दरम्यान अनेक नव्या मॉडेलांत रेझिस्टन्सची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे. काही नियंत्रक मोटरचा पुरवठा क्षणाक्षणाला तोडून व जोडून वेग ठरवतात. अशा पुरवठ्यावर साधा मीटर केवळ सरासरी आकडा दाखवतो आणि त्या आकड्यावरून नियंत्रक सदोष की त्याला मिळणारा इशारा सदोष, हे ठरवता येत नाही. त्यासाठी आम्ही विजेचे तरंग पडद्यावर दाखवणारा एक लहान ऑसिलोस्कोप घेतला असून आयटीआयमधून आलेली आमची मुले चांगल्या चालणाऱ्या गाड्यांचे तरंग मॉडेलनिहाय नोंदवून ठेवत आहेत, जेणेकरून बिघडलेली गाडी आल्यावर तुलनेसाठी काहीतरी हाताशी असेल.