हॅकिंगची कथा लिहिताना गेलेले सहा महिने (माझा अनुभव)

मी एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, बावीस वर्षं झाली, आणि वर्षाला एखादी कथा माझी दिवाळी अंकात येते. मागच्या जानेवारीत डोक्यात आलं की आपल्यासारख्याच एका पतसंस्थेत ऑनलाइन चोरी होते आणि आळ शिपायावर येतो, अशी कथा लिहायची. पहिला खर्डा आठ दिवसांत झाला आणि मी तो भाच्याला पाठवला. तो पुण्यात सिक्युरिटीत आहे, म्हणजे तीन शिफ्टमध्ये आळीपाळीने बसून दुसऱ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर नजर ठेवायची, त्याला ते लोक सॉक म्हणतात. दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नाइट शिफ्ट संपवून सकाळी सातला त्याचा फोन, "मावशी, माणसं मस्त उतरलीत गं. पण हॅकिंग सगळं खोटं आहे."

सगळं म्हणजे सगळंच. माझा हॅकर तिसऱ्या फटक्यात मॅनेजरचा पासवर्ड ओळखायचा, स्क्रीनवर हिरवी अक्षरं धावायची, दोन मिनिटांत पैसे गायब. एका ठिकाणी मी आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा यंत्राचा पत्ता, लिहिला होता त्यात ३१२ हा आकडा होता. भाचा म्हणाला, चार आकड्यांतला प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या आतच असतो, ३१२ बघितल्यावर आमच्यातला कुणीही माणूस तिथेच अंक मिटून ठेवेल. मग म्हटलं खरा वाटेल असा एखादा दे, तर म्हणाला कुठलाही उचलू नकोस, तो खरंच कुणाचा तरी असेल. पण २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते मुद्दाम पुस्तकात, उदाहरणात वापरायला राखून ठेवलेत, इंटरनेटवर ते कुणाला दिलेच जात नाहीत. मला हे फार आवडलं. कथेत खोटा पत्ता घालायचा तर त्यासाठीसुद्धा कुणीतरी आधी विचार करून जागा ठेवलीय. त्या दिवशी ठरवलं की ही कथा नीट शिकूनच लिहायची.

फेब्रुवारीत भाचा दोन दिवस राहायला आला. घरात जुना लॅपटॉप पडून होता, चार जीबी रॅमचा, त्यात अजून चार टाकले, व्हर्च्युअलबॉक्स चढवला, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत वेगळे खोटे कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम, आणि त्यात दोन मशीन उभी केली. एक काली लिनक्स, म्हणजे हल्ला करणाऱ्याची बाजू, आणि दुसरं मेटास्प्लॉइटेबल, हे शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं मशीन असतं. दोघांचं नेटवर्क फक्त एकमेकांपुरतं, घरातल्या वायफायशी संबंध नाही. आणि दोन गोष्टी त्याने मला वहीत लिहून घ्यायला लावल्या, एक म्हणजे हे भोकं असलेलं मशीन कधीही इंटरनेटला जोडायचं नाही आणि दुसरी म्हणजे आपल्या मालकीचं नाही त्याला हात लावायचा नाही, ना शेजारच्यांच्या वायफायला ना ऑफिसच्या सर्व्हरला. आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि "मी लेखिका आहे, अभ्यास करत होते" हे त्यात कुठेही बसत नाही.

आता जे सांगतेय ते मला अजूनही जसंच्या तसं आठवतं. त्या भोकवाल्या मशीनवर फाइली पाठवायचा एक प्रोग्रॅम आहे, व्हीएसएफटीपीडी नावाचा, आवृत्ती २.३.४. २०११ मध्ये कुणीतरी त्याच्या डाउनलोडच्या जागी आतून बदललेली फाइल ठेवून दिली होती आणि ज्यांनी त्या दिवसांत ती उतरवून घेतली त्यांच्या सर्व्हरला एक चोरदरवाजा लागला. दरवाजा उघडायचा कसा, तर युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा टाकायचा. विसर्गासारखे दोन ठिपके आणि कंस, बस. भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी एका खिडकीत मावशी असं नाव इंग्रजीत टाइप केलं, पुढे :) टाकलं, एंटर. पासवर्ड विचारला, काहीतरी बडवलं, एंटर. काहीच झालं नाही. ती खिडकी तिथेच अडकून बसली, कर्सर लुकलुकतोय. मी म्हटलं चुकलं. तो म्हणाला दुसऱ्या खिडकीतून ६२०० नंबरच्या पोर्टला, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दाराला, जोड. जोडलं. परत काहीच नाही, कोरी खिडकी, ये म्हणून नाही का जा म्हणून नाही. मग तो म्हणाला, तू कोण आहेस ते विचार. दोन अक्षरांची कमांड आहे, टाइप केली, आणि एक ओळ आली. यूआयडी शून्य, रूट. म्हणजे त्या मशीनची मी मालकीण.

आवाज नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेवढाच आवाज. माझ्या हातांना घाम आला होता, कारण मी त्या कोऱ्या खिडकीकडे बघत विचार करत होते की आमच्या पतसंस्थेत असं झालं तर समोर बसलेल्या आम्हा नऊ जणांना काय दिसेल, आणि उत्तर होतं काहीच दिसणार नाही, आम्ही पासबुक भरत बसलेलो असू. त्या रात्री मी पहिल्या खर्ड्यातली धावणारी अक्षरं काढली आणि त्या जागी लिहिलं की खिडकी कोरी होती. तेवढं एकच वाक्य, पण कथा तिथून बदलली.

मार्च-एप्रिल असेच गेले, ऑफिसमधून आलं की जेवण आवरून रात्री दीड-दोन तास. मार्चएंडला ते पण जमलं नाही. वायरशार्क शिकले, नेटवर्कवरून काय जातंय ते त्यात ओळीओळीने दिसतं, आणि एफटीपीत, म्हणजे फाइली पाठवायच्या त्या जुन्या पद्धतीत, मी माझाच पासवर्ड उघड्या अक्षरांत वाचला, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. मग उत्साहात त्या दोन मशीनच्या बाहेर, लॅपटॉपच्या नेहमीच्या इंटरनेटवर कुलूपवाली वेबसाइट उघडून बघितलं तर कुठल्या साइटवर गेलं एवढं नाव दिसलं, बाकी सगळा गिचमिड काला. म्हणून माझ्या कथेतला जो प्रसंग होता, हॉटेलच्या फुकट वायफायवर बसून हॅकर मॅनेजरचा नेटबँकिंगचा पासवर्ड उचलतो, तो पण गेला. वाईट वाटलं, चांगला जमला होता तो प्रसंग.

पासवर्ड ओळखायचं पण तसंच. २००९ च्या एका गळतीतली यादी काली लिनक्समध्येच मिळते, रॉकयू म्हणतात तिला, एक कोटी चाळीस लाखांच्या वर पासवर्ड आहेत त्यात. मी शोधून बघितलं, गणेश आहे, साईबाबा आहे. पण लॉगिनच्या पानावर एकाच माणसाच्या नावाने दहा वेळा प्रयत्न केला तर खातं लॉक होतं, म्हणून हल्लेखोर उलटं करतात, एकच सोपा पासवर्ड घेऊन शंभर माणसांच्या नावावर एकेकदा फिरवतात, म्हणजे कुणाचंच लॉक होत नाही आणि कुणाला संशय येत नाही. विंडोज सर्व्हरच्या नोंदीत हे दिसतं, ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे झालं. चाळीस वेगवेगळ्या नावांपुढे ४६२५ आणि मग एकदाच ४६२४. भाच्याने मला स्वतः बनवलेली अशी नमुन्याची यादी दिली होती आणि ती ४६२४ ची ओळ शोधताना मला बॅलन्स टॅली न होणाऱ्या दिवसाची आठवण आली, तेच बोट फिरवत खाली खाली जाणं. माझी नायिका अकाउंटंट का आहे ते मला त्या दिवशी कळलं, तोपर्यंत ती फक्त माझ्यासारखी म्हणून होती.

मोठ्या चोऱ्या कशा झाल्या ते पण वाचत होते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं सगळ्यांना आठवत असेल, ११ ऑगस्ट २०१८. कार्डाने पैसे काढताना बँकेला विचारलं जातं की देऊ का, तो प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नाही, मध्ये स्वतःची खोटी यंत्रणा बसवून तीच हो म्हणत राहिली. २८ देशांतून ७८ कोटी, भारतात अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टवरून, म्हणजे बँका एकमेकींना पैसे पाठवायचे संदेश देतात त्या जाळ्यावरून, हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. कॅलेंडर काढून बघितलं तर ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार. बांगलादेश बँकेचं २०१६ चं बघा, फेब्रुवारीतल्या गुरुवारी रात्री सुरुवात, ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, मग ज्या न्यूयॉर्कमध्ये बँकेचं खातं होतं तिथे शनिवार-रविवार, आणि पैसे ज्या मनिलाला गेले तिथे सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. आठ कोटी दहा लाख डॉलर गेले. बँकेत काम करणाऱ्या माणसाला सुट्ट्यांची यादी पाठ असते, पण चोरानेसुद्धा ती आपल्याइतकीच मन लावून वाचलेली असते हे लक्षात आल्यावर मला कसंतरीच झालं. कथेत पैसे दुसऱ्या शनिवारी जातात ते त्यामुळे.

आता मुख्य गाठ. शिपायावर आळ येतो तो कसा आणि सुटतो कसा, हे पहिल्या खर्ड्यात फारच पोकळ होतं, कुणीतरी येऊन कबुली देतं वगैरे. मे महिन्यात भाच्याशी बोलताना तो सहज म्हणाला की आमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ घड्याळं जुळवण्यात जातो. म्हटलं म्हणजे? तर म्हणाला, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, एक वेळ लिहितो, सर्व्हर दुसरी, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर तर कुणी कधी बघितलेलाच नसतो, तो दहा-अकरा मिनिटं पुढे पळत असतो. आणि बरीच यंत्रं नोंद यूटीसीत, जागतिक प्रमाणवेळेत करतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

मी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं, ०७:४० अधिक ५:३० बरोबर १३:१०.

झालं. फायरवॉलच्या नोंदीत आत शिरल्याची वेळ ०७:४०. संचालक मंडळासमोर त्याची एक्सेलची प्रिंट येते, त्यात कुठेही लिहिलेलं नाही की वेळ कुठली. सकाळी पावणेआठच्या सुमाराला कार्यालयात कोण असतं, तर कुलूप उघडून झाडलोट करणारा शिपाई. बावीस वर्षं मी बघतेय, आमच्याकडेही तसंच आहे, सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात कमी पगार घेणारा माणूस. आणि प्रत्यक्षात ती वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटांची आहे, सगळे डबा खायला गेलेत, आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्याने बाहेरून येण्यासाठी उघडा ठेवलेला रस्ता, ज्याचा पासवर्ड सगळ्या शाखांना एकच, त्यातून कुणीतरी आत येतंय.

भाच्याने इथेही अडवलं. म्हणाला, खरा तपास करणारा पहिल्या पाच मिनिटांत विचारेल की हा टाइमझोन कुठला. मी म्हटलं तुझ्याकडे विचारतील, आमच्याकडे प्रिंट येते आणि तिच्यावर शिक्का असतो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बरोबर आहे, ठेव. शिवाय २८ एप्रिल २०२२ ला सर्टइनचे, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, आदेश आलेत, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एका सरकारी वेळेशी जुळवायची. हा घड्याळाचा मुद्दा सरकारी आदेशात आहे म्हणजे तो किती ठिकाणी बिघडलेला असेल याचा मला अंदाज आला, आणि कथेतल्या अध्यक्षांच्या टेबलावर मी तो आदेश न उघडलेल्या पाकिटासारखा एका ईमेलात ठेवून दिला.

जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून लिहिली, पाच आठवडे लागले. संपादकांना दिली तर म्हणाले, ताई, ते नोंदी वाचायचं प्रकरण तीन पानं आहे, वाचक कंटाळेल, एक पान करू. मी नाही म्हटलं. आजवर त्यांनी जे जे कापलं ते मी मुकाट्याने कापू दिलंय पण हे नाही, कारण त्या तीन पानांत ती बाई रात्री अकरापर्यंत एकटी बसून एका माणसाची नोकरी वाचवतेय आणि ते काम असंच असतं, हळू, कंटाळवाणं, बोट ओळीवरून सरकवत. एका पानात ते जादू झाल्यासारखं वाटलं असतं. शेवटी अडीच पानांवर तडजोड झाली.

ऑगस्टच्या शेवटी मुद्रितं आली. चहा घेऊन वाचायला बसले, नावं बरोबर, आयपी बरोबर, ४६२४ बरोबर. आणि अकराव्या पानावर थांबले. प्रिंटमधल्या नोंदीची ओळ होती, तिथे मी नुसतं ०७:४० लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी वाचकाला सोपं जावं म्हणून चांगल्या मनाने एक शब्द वाढवला होता, सकाळी ०७:४०.

एका शब्दाने शिपाई अडकला होता. कथेत जे संचालक मंडळाने केलं तेच इथे झालं होतं, माझ्या डोळ्यांसमोर, छापायच्या आधी. मी त्याच वेळी प्रेसला फोन लावला, तिकडे जेवायची सुट्टी होती, कुणी उचलेना, तीनदा लावला, मग सव्वादोनला एका मुलाने उचलला. त्याला पान सांगितलं, ओळ सांगितली, म्हटलं तो "सकाळी" काढ रे बाळा, नुसते आकडे राहू देत. तो म्हणाला काढतो मॅडम. मी म्हटलं आत्ता काढ, मी थांबते फोनवर. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, मग म्हणाला, काढला. मी त्याला ती ओळ परत वाचून दाखवायला लावली.