फोटोवरून शिकलेला प्रशिक्षक

१९८० ची फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा, डॉर्टमुंड. याओ बिन आणि लुआन बो ही चिनी जोडी बर्फावर उतरली आणि शेवटची आली. प्रेक्षक चक्क हसले. १९८४ ला साराएव्होच्या ऑलिंपिकमध्येही तळालाच. याओ पुढे प्रशिक्षक झाला आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मात्र सुवर्ण आणि रौप्य अशी दोन्ही पदकं त्याच्या शिष्यांनी नेली: शेन श्वे–झाओ होंगबो आणि पांग छिंग–तोंग जिआन. १९६४ पासून जोडी प्रकाराचं सोनं सोव्हिएत-रशियन जोड्यांकडेच जात होतं (२००२ ला कॅनडासोबत विभागून).

याओ-लुआन हा प्रकार बराचसा परदेशी जोड्यांचे फोटो बघून शिकले होते. फोटोत काय दिसत नाही, हे कळायला डेथ स्पायरल घ्या. जोडीतला पुरुष एका पायाचा टो पिक (स्केटच्या पात्याच्या टोकाचे दाते) बर्फात रोवून, गुडघा दुमडून खाली बसतो. त्याची जोडीदार त्याचा हात धरून जवळजवळ आडवी होत त्याच्याभोवती फिरते. फोटोत दिसतं ते एवढंच. मग नवखी जोडी काय करते? ती डोकं खाली न्यायच्या नादात पात्याची कड सोडते. पातं सपाट पडलं की घसरतं आणि ती बर्फावर बसते. किंवा तो कोपर दुमडून तिला ओढतो. त्याने ती कडेवरून उचलली जाते, वर्तुळ मोडतं. हात ताणलेला हवा आणि त्याची कंबर खालीच राहायला हवी. घाईने उठला की सगळं बिघडलं. पूर्ण एक फेरी दोघंही खाली टिकले तरच तो घटक धरला जातो.

ट्विस्टमध्ये, म्हणजे तो तिला वर फेकतो, ती हवेत फिरकी घेते आणि तो तिला झेलतो त्यात, तर फोटो साफ फसवतो. ती हवेत असतानाचा क्षण देखणा, पण कस लागतो तो झेलताना. हात वर ताणलेले ठेवून तिला कमरेला धरायचं, मग अलगद बर्फावर ठेवायचं. फिरकी उशिरा संपली तर झेल खाली सरकतो आणि ती त्याच्या छातीवर आदळते. परीक्षक तिथेच गुण कापतात.

याओच्या जोड्यांची ओळख म्हणजे उंच, लांब थ्रो: तो तिला फेकतो, ती हवेत फिरून स्वतःच बर्फावर उतरते. थ्रोत तिला नुसतं वर फेकून भागत नाही. जोडीचा वेग ज्या दिशेने चाललाय तिकडेच सोडावं लागतं, नाहीतर उतरताना वेग मरतो आणि ती जागच्या जागी बसते. या ताकदीला जोखीमही तेवढीच. २००६ ला ट्यूरिनमध्ये झांग दान–झांग हाओ यांनी चार फेऱ्यांचा थ्रो सॅल्काव्ह (थ्रोचा एक प्रकार) घेतला. उतरताना झांग दानचे पाय फाकले, गुडघ्याला मार लागला. थोड्या वेळाने ती परतली आणि त्यांनी रौप्य मिळवलं. तो निर्णय धाडसी खरा, पण त्या गुडघ्यावर पुन्हा उतरवणं मला आजही पटत नाही.

झाओ होंगबोही पुढे प्रशिक्षक झाला. स्वे वनजिंग–हान त्सोंग २०१७ ला जगज्जेते झाले तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता.