रिकामे पंजे

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका छोट्या लिलावघरात मी जुनी पदकं आणि बिल्ले तपासतो. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची झुंज याच आभाळात झाली. त्यामुळे 'पडलेल्या जर्मन वैमानिकाच्या छातीवरून काढलेला' बिल्ला घेऊन अधूनमधून कुणीतरी येतंच. बऱ्याचदा तो नकली असतो.

त्या मंगळवारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत बटणं, दोऱ्याची रिळं आणि तळाशी लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाईदलाचा, वैमानिक बिल्ला. "बाबांनी १९४० मध्ये आणलेला. स्वस्तिक घरात नको म्हणून कानशीने घासून टाकलं."

आमच्या उंबऱ्यावर आई ज्याची रांगोळी काढते, ते इथे कानशीने घासतात. या गोष्टीची सवय व्हायला मला वेळच लागला.

हा बिल्ला १९३५ पासूनचा. अंडाकृती हार, त्याचा एक भाग लॉरेलच्या पानांचा, दुसरा ओकच्या, आणि त्यावर झेपावणारा गरुड, पंजांत स्वस्तिक. गरुड वेगळा घडवून मागून दोन रिव्हेटांनी जोडतात. मी आधी बिल्ला उलटा करतो. पुढची बाजू नकलीवाला जीव ओतून करतो, मागे मात्र कंटाळतो. ओतीव नकलेत तिथे बारीक खड्डे दिसतात. याचे रिव्हेट नीटनेटके होते, पिनही ठीक.

मग भिंग पंजांवर नेलं. कानशीने घासलं तर चट्टा राहतो, ओरखडे राहतात, नखांची टोकं बोथट होतात. इथे प्रत्येक नख शाबूत होतं. दोन नखांमधल्या खोबणीतसुद्धा चांदीसारखी झिलई पोचली होती. स्वस्तिक कुणी काढलंच नव्हतं, कारण ते मुळात नव्हतं.

पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने युद्धातली सन्मानचिन्हं पुन्हा लावायची मुभा दिली, पण स्वस्तिकाशिवाय. त्यासाठी कारखानदारांनी नवे साचे पाडले. आमच्या धंद्यात त्यांना 'सत्तावनचा नमुना' म्हणतात. म्हणजे १९४० मध्ये हा बिल्ला कुणाच्या छातीवर असणं शक्यच नव्हतं.

किंमत बरीच उतरणार होती. ते सांगताना मी चाचरलो, पण बाईंनी किंमत विचारलीच नाही.

"म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"कानशीचं त्यांनीच सांगितलं होतं का?"

त्या थांबल्या. "नाही. आईने." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मी शाळेत असताना एक जर्मन गृहस्थ आमच्याकडे दोनदा राहून गेले होते. लंगडायचे. आई त्या दिवसांत मावशीकडे जायची."

फॉर्मवर मी '१९५७ नंतरचा नमुना, अस्सल' एवढंच लिहिलं. लंगडणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यात रकाना नव्हता, आणि माझ्याकडे पुरावाही नव्हता. बाईंनी फॉर्म वाचला, सही न करता परत दिला आणि बिल्ला पुन्हा रिळांखाली ठेवून डब्याचं झाकण लावलं.