सपाट नागपुरातून घाटाची तयारी

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. वर्धा रोड घ्या, काटोल रोड घ्या, तासभर सायकल हाणली तरी मोठी चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) सोडायची वेळ येत नाही. लांब पल्ल्याची चिकाटी या शहराने दाखवली आहेच. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. पण घाटाचा सायकलपटू, ज्याला शर्यतीत ‘क्लाइंबर’ म्हणतात, त्याचं काम वेगळं. दीडशे किलोमीटर पायात मुरल्यावर शेवटच्या चढावर पाऊण तास तोल न ढळू देता जोर लावायचा. सपाटीवर वाढलेल्या पोरांना हे जमेल का? बरंच जमेल, पण आधी हिशेब समजायला हवा.

फ्रान्समधला आल्प द्युएझचा चढ घ्या. १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. स्वार ५८ किलोचा, सायकल, बाटल्या आणि कपडे धरून एकूण ६८ किलो. असा चढ ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे ४६ मिनिटांत संपवायला पायांतून साधारण ३१० वॉट इतकी ताकद लागते. त्यातले जवळपास नऊ दशांश निव्वळ वजन वर उचलण्यात जातात, हवेच्या वाट्याला वीस-पंचवीस वॉट येतात. सपाटीवर ताशी ४० ला हेच प्रमाण उलटतं, सगळी झुंज वाऱ्याशी. म्हणून सपाटीचा दांडगा गडी घाटात मागे पडतो आणि सडपातळ पोरगा पुढे निघतो.

इथेच पोरं चुकतात. वजन हाच मुद्दा असेल तर उतरवू, असं म्हणून जेवण तोडतात. वरच्याच हिशेबात दोन किलो उतरवले तर सुमारे ६५ सेकंद वाचतात. पण उपाशीपोटी सराव करून ताकद दहाच वॉटने घटली तर ७५ ते ८० सेकंद जातात. म्हणजे काटा खाली आला आणि पोरगा हळू झाला! आणि दहा वॉट घसरायला फार दिवस लागत नाहीत. झोप बिघडते, विश्रांतीच्या दिवशीही पाय जड राहतात, सर्दी-खोकला पुन्हा पुन्हा येतो. मुलींची पाळी चुकते. हे शेवटचं लक्षण दिसलं की वजनाचा विचार बंद करून सरळ डॉक्टरकडे जायचं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. शरीराला मिळणारी ऊर्जा सरावाला पुरत नाही आणि त्याचा फटका हार्मोनपासून हाडांपर्यंत बसतो. सायकलवर हाडांना धक्का बसत नाही, त्यामुळे सायकलपटूंची हाडं आधीच कच्ची राहायची भीती असते. वाढीच्या वयातल्या पोराने वजन उतरवायला घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

आता गिअर. जुन्या सायकलींवर पुढे ३९ दाते आणि मागे मोठ्यात मोठी २५ ची चकती असते. सपाटीला ते झकास. ६५ किलोचा पोरगा १० टक्क्यांच्या चढावर २२५ वॉट लावत असेल तर वेग ताशी दहाच्या आसपास येतो आणि ३९-२५ मध्ये पायडलचे फेरे मिनिटाला ५२ वर उतरतात. दहा मिनिटांत मांड्या भरून येतात, गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागतो. तोच वेग ३४-३२ मध्ये ७६ फेऱ्यांनी मिळतो. मात्र नुसती मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आणून बसवू नका. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ती पेलतो का ते आधी पाहा. शिमानो कंपनीच्या १०५ या गिअरसंचाच्या आर ७००० मालिकेत आखूड केजचा (चेन ताणून धरणाऱ्या दांड्याचा) डिरेलर ३० दात्यांपर्यंत चालतो, ३४ साठी लांब केजच लागतो. चेनही नव्याने मापून घ्या. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून पुढची मोठी आणि मागची मोठी अशा जोडीवर गिअर पडला तर डिरेलर अडकवलेला हँगर वाकतो किंवा तुटतो, आणि ते नेमकं घाटातच होतं.

घाट नसताना घाटाचे पाय कसे बनवायचे? नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ छोट्या, जोरकस फेऱ्यांना चांगला, पण दम नीट लागायच्या आत संपतो. उड्डाणपुलांचंही तसंच. लांब जोरासाठी घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचं यंत्र, बरा. त्यात एक बारकावा आहे. मोठ्या चेनरिंगवर चालवलं की ट्रेनरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, वेगात फिरतं आणि पायाला सपाट रस्ता जाणवतो. पुढची छोटी चेनरिंग आणि मागची मोठी चकती लावा. फ्लायव्हील मंदावतं, पायडल वरच्या बिंदूवर अडखळू लागतं, आणि ८ टक्क्यांच्या चढावर नेमकं असंच होतं. पुढच्या चाकाखाली आठ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवा. दोन चाकांमधलं अंतर ९८ सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे बरोबर ८ टक्के. मग सीटवरून मागे घसरणं, कमरेवर येणारा ताण, हँडल धरायची जागा, हे सगळं घरीच कळतं. सीटचं नाक एक-दोन अंश खाली केलं की बहुतेकांना आराम पडतो. सराव असा: १२ मिनिटांचे तीन जोर, तासभर टिकेल अशा ताकदीच्या ९० टक्क्यांवर, फेरे ६५ ते ७०, मध्ये पाच मिनिटं हलकं. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. गुडघा कुरकुरला तर फेरे ८० वर न्या.

पंखा मोठा लावा. २५० वॉट पायडलवर पोहोचवताना शरीर आठशेच्या वर वॉट उष्णतेत टाकतं, आणि घाटात वेग कमी असल्याने वाराही लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पाचला बाहेर पडून आठच्या आत परतायचं. ७५० मिलिलीटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू, ही बाटली विकतच्या पावडरीइतकंच काम करते. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. दोन्ही आतड्यात वेगळ्या वाटेने शोषली जातात. ताशी ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटाला झेपावं म्हणून सरावातच सवय लावायची. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग केला की मळमळतं.

पुढची वाट कुठे जाते तेही पाहून ठेवावं. फ्रान्समधली तरुणांची ‘तूर द लावनीर’ ही शर्यत क्लाइंबरची खरी परीक्षा. २०१० मध्ये नायरो किंताना, २०१७ मध्ये एगान बेर्नाल, २०१८ मध्ये तादेई पोगाचार तिथे जिंकले. बेर्नालने तर दोनच वर्षांत, २०१९ मध्ये, तूर द फ्रान्स जिंकली. पण बहुतेक क्लाइंबरांचं व्यावसायिक आयुष्य दुसऱ्याला जिंकवण्यात जातं. चढाच्या पहिल्या टप्प्यात इतका जोर लावायचा की प्रतिस्पर्धी गळावेत, मग बाजूला होऊन आपल्या गतीने वर यायचं. अमेरिकेच्या सेप कस याने वर्षानुवर्षं हेच केलं. २०२३ मध्ये इटलीची जिरो आणि तूर द फ्रान्स या शर्यती त्याचे कप्तान जिंकले, आणि त्याच वर्षी स्पेनची वुएल्ता त्याने स्वतः जिंकली. मला हा सायकलपटू फार मोलाचा वाटतो.

आपली परीक्षा अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. परतवाड्याहून वर जाणारा रस्ता आल्प्सइतका उभा नाही, पण सलग चढ आपल्याला तिथेच मिळतो, तोही अकराशे मीटरच्या आसपास उंचीपर्यंत. पहिली वीस मिनिटं मुद्दाम रोखून चालवा. पायथ्याशी ताजे पाय सपाटीचा वेग मागतात, आणि तिथे उधळलेली ताकद वर परत मिळत नाही. उतरताना रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) सतत दाबून ठेवू नका. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने दाबा, वेग पाडा, सोडा. निघण्याआधी ब्रेक पॅडमध्ये रुतलेली खडी टोकदार सुईने काढून टाका. आणि खिशात एक पातळ जॅकेट ठेवा, वर घामाने भिजलेला पोरगा खाली येताना कुडकुडतो आणि बोटांनी ब्रेक नीट दाबले जात नाहीत.