साधी एनसी करून घ्या, काका

कोपरावरची खपली कधीच पडली, सायकलच्या हँडलची टेपही बदलून झाली. पोलीस ठाण्यातलं ते बाकडं मात्र अजून डोक्यातून जात नाही. लोखंडी, एका पायात लंगडं, शेजारचा उठला की आपल्याला खाली नेणारं. चार खेपांत मिळून त्या बाकड्यावर मी कामाचा एक अख्खा दिवस काढला असेन. शेवटी एफआयआर झाला. चारांतल्या निदान दोन खेपा माझ्याच अज्ञानाच्या होत्या, त्या दुसऱ्या कुणाच्या वाचाव्यात म्हणून लिहितोय. शिवाय थोडी मळमळ बाहेर काढायची आहे, तेही आधीच कबूल करतो.

घटना दीड मिनिटाची. रविवार, सकाळचे साडेसहा, रस्ता रिकामा. कडेला वाळू आणि गटाराची जाळी, म्हणून मी सायकल कडेपासून तीनेक फूट आत चालवत होतो. मागून हॉर्न. वाजवलेला नाही, दाबून धरलेला. उजवीकडे अख्खी लेन मोकळी असताना तो गाडीवाला इतका चिकटून गेला की त्याच्या डाव्या आरशाने माझं उजवं कोपर सोलवटलं आणि हँडलच्या टेपला चीर पाडली. मी हेलकावलो, पडलो नाही, आणि त्याच झटक्यात त्याच्या डिकीवर थाप मारली. ही थाप लक्षात ठेवा, पुढे तिने माझा पिच्छा पुरवला.

तो थांबला, गाडी आडवी घातली आणि उतरून आला. "ए काका, रस्ता बापाचा आहे का?" मी सत्तेचाळीसचा आहे, पण असो.

इथे मला एक गोष्ट आपोआप सुचली, त्याचा अजून अभिमान वाटतो. सायकलवरून उतरलो आणि सायकल मध्ये आडवी धरली. एक हात हँडलवर, एक सीटवर, चेनची बाजू त्याच्याकडे. काळं तेल लागलेली चेन आणि तिच्यामागचं दातेरी चाक पाहिलं की इस्त्रीची पँट घातलेला माणूस एक पाऊल मागेच राहतो. सायकल उचलून उगारायची नाही, फक्त मध्ये ठेवायची. पायात क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारं प्लॅस्टिक असलेले बूट असतील तर मारामारीचा विचारही करू नका. डांबरावर ते प्लॅस्टिक साबणासारखं सरकतं, पहिल्या धक्क्यालाच आपण आडवे. हेल्मेट काढायचं नाही. पळायचंच झालं तर गाडी ज्या दिशेला तोंड करून उभी आहे तिच्या उलट, म्हणजे मागे. वाहत्या रस्त्यावर गाडीला वळून मागे येता येत नाही, सायकलला येतं.

त्याने सायकल ढकलली, पेडल माझ्या नडगीवर बसलं. दोन शिव्या झाल्या. "पुन्हा या रस्त्याला दिसलास तर बघून घेईन" झालं. मी उत्तर दिलं नाही, त्याच्या गाडीचा नंबर मोठ्याने दोनदा वाचला. हेल्मेटवर कॅमेरा होता. नंबरप्लेट उन्हाने चमकून व्हिडिओत दिसत नाही असं पुष्कळदा होतं, आवाज मात्र येतो. नंबर ऐकून असेल किंवा मागे एक स्कूटरवाला थांबला म्हणून असेल, तो निघून गेला. स्कूटरवाल्याचा फोन नंबर मी तिथल्या तिथे घेतला. ११२ ला फोनही केला. तोवर कुणी येऊन काही करील अशी आशा नव्हती, पण त्या फोनची वेळेसकट नोंद राहते, आणि पुढे ती कामी आली.

पहिली खेप हद्दीत गेली. दुभाजकाच्या या बाजूला एक ठाणं, पलीकडे दुसरं. "तुमचं त्या ठाण्यात येतं." तिथे गेलो तर "कुठून निघाला होतात? मग पहिल्याच ठाण्यात." मी घरी आलो. यायला नको होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे मला संध्याकाळी कळलं, तेव्हा त्याचा उपयोग स्वतःवर चिडण्यापुरताच उरला होता.

दुसऱ्या खेपेला हद्दीचं नाव निघालं नाही. आणि मग सुरू झाली एनसी.

ठाणे अंमलदार वाईट माणूस नव्हता. टेबलावर दोन फोन, समोर हरवलेल्या मुलाचे आईबाप, मागे वायरलेसची खरखर. त्याने माझं सगळं ऐकलं, कोपर पाहिलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. "शिवीगाळ, दमदाटी, धक्काबुक्की. साधी एनसी करून घ्या, काका. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम म्हटल्यावर मी करणारच होतो. सकाळपासून तिथे बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नशिबाने पेन सापडेना, तेवढ्यात मी विचारलं, "एनसीने पुढे काय होतं?"

"नोंद राहते."

"म्हणजे त्याला बोलावणार का?"

"ते कोर्टाच्या परवानगीवर."

एनसी म्हणजे अदखलपात्र. पोलीस नोंद करतात, तुम्हाला प्रत देतात आणि मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. कागद मिळतो, फाइलला लावता येतो, बाकी सगळं तुमच्या गळ्यात. त्याने सांगितलेले तिन्ही प्रकार खरोखरच अदखलपात्र आहेत: भारतीय न्याय संहितेतलं ११५(२) म्हणजे इजा, ३५१(२) म्हणजे धमकी, ३५२ म्हणजे मुद्दाम अपमान. माझी तक्रारच मी चुकीच्या टोकाकडून सांगत होतो. शिव्या काय दिल्या, बाप कसा काढला, सायकल कशी ढकलली, यावर मी दहा मिनिटं घालवली. आरसा लागला हे मी ओझरतं सांगितलं होतं. राग शिव्यांचा होता, गुन्हा आरशाचा होता.

मी म्हटलं, त्याने गाडी अंगावर घातली त्याचं काय? तर अंमलदार म्हणाला, "अपघात झाला का? पडलात का? मग? आणि तुम्ही त्याच्या गाडीवर हात मारलात ना? तोही येईल एनसी करायला. त्याची एक, तुमची एक, फिटंफाट."

थाप! माझ्या तोंडूनच गेलेली. गाडी पुढे निघून गेल्यावर मारलेली थाप हे संरक्षण नव्हे, तो राग. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याला ३७ मध्ये कुंपण घातलंय: लागेल तेवढंच बळ, आणि यंत्रणेकडे धाव घ्यायला सवड असेल तर तो हक्कच नाही. सायकल आड धरली ते यात बसतं. डिकीवरची थाप बसत नाही. मी गप्प झालो आणि "उद्या येतो" म्हणून उठलो.

तिसऱ्या खेपेला मोठे साहेब बंदोबस्तावर. सव्वादोन तास. त्या दोन तासांत बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका वयस्कर वकिलांनी, स्वतःच्या कामाला आलेले, माझी गोष्ट ऐकून एवढंच विचारलं, "गाडी बेदरकार चालवण्याचं कलम लावा म्हणालात का?" नव्हतो म्हणालो. कुणाला सुचणार? त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे लिहून दिलं: २८१, १२५(अ), १७४(४).

हे तीन आकडे सायकलवाल्याने पाठच करावेत. न्याय संहितेचं २८१ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा होण्याचा संभव असेल असं हयगयीने किंवा बेदरकार वाहन चालवणं. जुन्या भारतीय दंड संहितेतलं २७९. पडायला लागत नाही, हाड मोडायला लागत नाही. १२५ म्हणजे जिवाला धोका होईल असं कृत्य, आणि त्यातून इजा झाली की १२५(अ). ही दोन्ही कलमं दखलपात्र. आणि खरी किल्ली १७४(४), ही नागरिक सुरक्षा संहितेतली: एका प्रकरणात अनेक गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र समजायचं. म्हणजे शिव्या, धमकी, ढकलणं, सगळं आरशाच्या मागे ओढलं जातं. माझी दोन दिवसांची एनसी त्या एका ओळीत संपली. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू आहे, पण टेबलावर बोलताना अजून जुनेच आकडे निघतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवलेले बरे.

घरी जाऊन अर्ज लिहिला. एक पान, जास्त नाही. पहिल्याच ओळीत तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर. दुसऱ्या ओळीत आरसा. शिव्या शेवटी. थापही लिहिली, लपवली नाही, कारण व्हिडिओत ती ऐकू येतच होती. दोन प्रती काढल्या. चौथ्या खेपेला आधी अर्ज आवकला दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतली. पोच घेतल्याशिवाय तोंड उघडलं नाही. त्या शिक्क्याने जे केलं ते माझ्या तीन दिवसांच्या बोलण्याने झालं नव्हतं. कागद आत गेला, वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. पोच असली की नकार मिळाल्यावर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हे १७३(४) मध्येच आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

व्हिडिओचं सांगायचं राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. माझा कॅमेरा पाच-पाच मिनिटांचे तुकडे करतो आणि कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून त्यावर लिहितो. मी शहाणा, दुसऱ्या दिवशी तेच कार्ड घालून पुन्हा फिरायला गेलो. घटनेच्या तुकड्याआधीचे चार तुकडे गेले होते. अजून थोडं फिरलो असतो तर सगळंच गेलं असतं. घटना घडली की कार्ड काढा, पाकिटात घाला, त्यावर तारीख टाका. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ती दाबून लहान होते आणि मूळची राहत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ती म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो.

डॉक्टरांकडेही मी दुसऱ्या दिवशी गेलो. खरचटलंय, हळद लावली की झालं, या थाटात. मग "जखम कधीची?" हा प्रश्न आला. त्याच दिवशी जा आणि कशाने लागलं ते डॉक्टरांना सांगून कागदावर लिहून घ्या. ठाण्यात आधी गेलात तर तेच सरकारी रुग्णालयासाठी यादी, म्हणजे तपासणीचं पत्र देतात, ती मागून घ्या.

गाडीचा मालक सापडायला वेळ लागला नाही, नंबर होताच. तो आला, सोबत दोघं. आता आवाज खाली. "काका, खरं सांगतो, मी तुम्हाला पाहिलंच नाही." मी काही बोलणार एवढ्यात, ज्याने मला तीन दिवस एनसीवर अडवलं तोच अंमलदार रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला, "पाहिलं नाही, तर मग हॉर्न कुणाला मारत होतास?"

त्या वाक्यासाठी मी त्याला दोन खेपा माफ केल्या. तिसरी नाही.

मिटवून टाका, असं मग तिघांनीही सुचवलं. मी नाही म्हटलं. पुढे काय व्हायचं ते होईल, आरोपपत्र अजून जायचंय.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि सही करण्याआधी तो तुम्हाला वाचून दाखवायचा असतो. दमलेलो होतो, तरी वाचून दाखवा म्हटलं. बरं झालं. चौथ्या ओळीत "फिर्यादी हे आपल्या मोटारसायकलवरून" असं होतं. मोटारसायकल म्हटलं की नंबर आला, लायसन्स आलं, विमा आला. "मोटार" खोडून त्याच्या बाजूला सही करून घेतली.